तेविसावा आठवडा

टायर दिसायला चांगले होते.
नक्षी शाबूत, खाचेत नाणं अजून बुडत होतं.
पण महबूब नदाफनं गुडघा टेकून
कडेचं रबर अंगठ्यानं दाबलं:
"येमूलशेठ, हे मेलेलं हाय.
झीज नका बघू, वय बघा."
आणि चार आकडे दाखवले. २३१६.
तेविसावा आठवडा, सन सोळा.

सोळाच्या जूनमध्ये
आम्ही अशोक चौकातले शेवटचे सहा माग
भंगारात दिले, किलोवर.
त्याच आठवड्यात कुठंतरी
हे चार साच्यातून गरमागरम बाहेर पडत होते.

गाडी पुण्याच्या एका डॉक्टरच्या मुलाची.
पिवळी, दोन दारांची, मागं बसायला जागाच नाही.
तो कॅनडाला गेला, म्हणून माझ्या ऐपतीत आली.
आई "एंदुकुरा?" एवढंच म्हणाली.
तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

मूळ कंपनीचा टायर, एकाला सव्वीस हजार.
शारदानं भाव ऐकून फ्रिजकडं बघितलं,
मग माझ्याकडं,
मग परत फ्रिजकडं.

नदाफकडं सहा हजारांचाही होता,
नाव असं की उच्चारताना जीभ अडखळावी.
"सरळ रस्त्याला चालतो. वळणाला तुमचं तुम्ही बघा."
मुंबईहून आलेली वापरलेली जोडी होती, नऊ हजारांना,
कुणाच्या पायातली, कुठल्या अपघातातली, कोण सांगणार.
रिमोल्डचं नाव काढलं तर त्यानं कानाला हात लावला.
"उसाच्या ट्रॉलीला घाला की. हिला नको."
आणि एक कोरियाचा, साडेतेरा.

कडेवर झिजेचा आकडा असतो.
दोनशेवाला मऊ, रस्ता चावून धरतो आणि लवकर संपतो.
चारशेवाला टिकतो, पण...
नदाफनं तळवा घसरवून दाखवला.

हे मला समजावून सांगायची गरज नव्हती.
मी टॉवेलात जन्म काढलाय.
लूप जेवढा सैल तेवढा हाताला गोड,
आणि वीस धुण्यांत टक्कल.
गिऱ्हाईक दुकानात गालाला लावून बघतं,
विसाव्या धुण्याला दुकानदार तिथं नसतो.
फरक एवढाच,
टॉवेलनं पाणी धरायचं, टायरनं सोडायचं.

वेगाचं अक्षर डब्ल्यू. ताशी दोनशे सत्तर.
मी म्हटलं, सोलापुरात कुठं बे?
होटगी रोडला चाळीसवर गेलो की म्हैस आडवी.
तो हसला नाही.
"पळायसाठी नाही ते.
मे महिन्यात चव्वेचाळीसला डांबर पाघळतं.
ब्रेक दाबल्यावर गाडी म्हशीच्या अलीकडं थांबते का पलीकडं,
त्याचे पैसे."

दोन आत्ता घेऊ, दोन दिवाळीला?
त्यानं पाना खाली ठेवला आणि चहा सांगितला,
म्हणजे नाही.

कोरियाचे चार. चोपन्नचे बावन्न झाले,
बॅलन्सिंग आणि वॉल्व्ह धरून,
वर माझ्याकडच्या दोन चादरी.
मोराच्या दाखवल्या, त्याला चौकडीच हवी होती.

पैसे देण्याआधी मी वाकून नवे आकडे वाचले.
सहाव्या आठवड्यातले.
त्या आठवड्यात आमच्याकडं काय झालं होतं,
खूप आठवून बघितलं.
काहीच नाही. बहुतेक गॅसचा नंबर लावला असेल.
बरं वाटलं.

जुन्यातला एक घरी आणला.
आईनं त्यात मिरच्या लावल्या, विचारलं नाही.

"पहिले दोनशे किलोमीटर हळू," नदाफनं बजावलेलं,
"नव्या रबराला साच्याचं तेल असतं."
म्हणून पहाटे साडेपाचला, तुळजापूर रोडला,
पिवळी गाडी, काच खाली, पन्नासवर.
मागून टॉवेलच्या गाठी भरलेला टेम्पो आला.
त्यानं हॉर्न दिला, शेजारी येऊन
एकदा गाडीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं,
आणि काहीतरी चुकतंय अशा चेहऱ्यानं पुढं गेला.
मी हात दाखवला. जा बाबा.
अजून एकशे अठ्ठ्याऐंशी बाकी होते.