पावतीच्या मागच्या बाजूला

झोपे काका,
पार्सल सोमवारी एस.टी.नं आलं.
गोणपाटावर तुमच्या अक्षरात: नांगराचा रहाट, जपून.
सावदा स्टँडवरच्या हमालाला वाटलं, बैलांचं काही असेल.
आपल्याकडे नांगर जमिनीत घालतात
तो पुढे जावा म्हणून.
तुमचा घालायचा, काही पुढे जाऊ नये म्हणून.
रमजान तडवीला हे समजावता समजावता
चहा निवला.

उघडला तर आत तोच वास,
जळक्या व्हार्निशचा,
बोअरच्या मोटारींना एप्रिलात येतो तो.
नट्सवरचा पांढरा पापुद्रा मात्र नवीन.
नखानं खरवडला, जिभेला लावला.
समुद्र मी अजून एवढाच पाहिलाय.

आर्मेचर नव्यानं भरलंय.
पण जळालं का, तेही ऐका.
बॅटरी बोटीच्या मागे, रहाट पुढच्या टोकाला,
मधे करंगळीहून बारीक वायर.
निम्मी ताकद वाटेतच तापून जाते.
लांबच्या शेतात हेच होतं:
मोटार कण्हते, फिरत नाही,
आणि माणूस बटण दाबून उभा.
अंगठ्याएवढी केबल घाला. ब्रेकर हाताशी ठेवा.

आणि ते चाक.
दहा मिलीच्या साखळीचं चाक, साखळी तुमची आठची.
उडणारच ती.
पाय मोजून चप्पल घेतो आपण;
आधी साखळी, मग तिच्या मापाचं चाक, मग रहाट.
नांगर न् साखळी मिळून बावन्न किलो, मी काट्यावर घातले.
ओढ त्याच्या तिप्पट तरी हवी,
चौपट असली तर झोप लागेल तुम्हाला.
चाक जळगावहून कापून आणलंय.

तपासायला पाणी कुठून आणू?
आमच्या जुन्या विहिरीवर तिकाटणं उभं केलं,
ट्रॅक्टरची बॅटरी लावली,
आणि तुमचा नांगर खाली सोडला.
साठ फूट. तळाला ठण्ण.
भारंब्यांची आजी वाटेवर थांबली:
“काय काढू राह्यली वं माय? पानी तं नाही त्यात.”

वर येताना तो अडकला.
मोटारीचा सूर उतरला, केबल कोमट झाली,
रमजान म्हणाला, दाब अजून.
मी बोट काढलं.
हे तुम्ही लक्षात ठेवा, काका, बाकी विसरलात तरी चालेल:
रहाट उचलायला आहे, उपटायला नाही.
अडकलं की साखळी ढिली सोडा,
बोट इंजिनानं नांगराच्या डोक्यावर न्या,
मग वर घ्या.
आम्ही तिकाटणं दुसऱ्या काठाला नेलं. सुटला.

नांगराच्या पात्यात आलं ते काय,
तर आमच्या अप्पांचा फुटव्हॉल्व्ह.
मी सातवीत असताना पडला होता.
त्यावरून अप्पा आठ दिवस आईशी बोलले नव्हते,
दोर तिनं बांधला होता म्हणून.
पितळ अजून चांगलं आहे.
आईला दाखवला. ती म्हणाली,
गाठ बघ, गाठ तशीच आहे, दोर तुटलाय.

तर गाठीचं सांगते.
साखळीचं शेवटचं टोक बोटीला दोरीनं बांधा, कडीनं नको.
सगळं सोडून पळायची वेळ आली
तर सुरीनं कापता आलं पाहिजे.
आणि रात्रभर बोट रहाटावर टांगू नका.
साखळीला दोर लावा, ओढ खुंट्याला द्या.
बैल कुणी जुवाखाली झोपवत नाही.

दर खेपेला गोड्या पाण्यानं धुवा,
पायाखालच्या बटणाचं रबर चिरलं का बघा,
वर्षातून एकदा उघडून ग्रीस.
एरवी नुसता फिरवा, काम नसलं तरी.
बसून राहिलं की गंजतं, मोटार काय न् कोण काय.

जास्तीचे दोन कार्बन ब्रश डबीत आहेत.
त्यांचे पैसे लावलेले नाहीत.
पात्याच्या सांध्यात थोडी काळी माती राहिलीय,
ब्रशनं निघेना.
तिकडे पाण्यात सुटेल.

— हेमांगी बऱ्हाटे,
वाइंडिंग वर्क्स, सावदा.
ता.क. शुक्रवारी दुकान बंद असतं.