सव्वा मीटर

कुटबणच्या धक्क्यावर जुलैचा शेवटचा आठवडा.
बंदी उठायला चार दिवस,
आणि बावतीस फुर्तादला घाई.
"वरचा कनेक्टर तेवढा बदल, बाय. चाळीसवाला घाल."

चाळीसवाला माझ्याकडे असतो,
घरातल्या टीव्हीसाठी, दुकानाच्या डब्यात.
आत तपकिरी बेकेलाइट.
सोल्डरची ऊब लागली की पिन कलते
आणि कललेली दिसत नाही.
आज पिशवीतून आणलाय तो चांदीच्या मुलाम्याचा,
आतलं टेफ्लॉन पांढरं, पहिल्या दातासारखं.
किंमत मी शेवटी सांगते.

डोलकाठीवर चढून केबल कापली. जाळी काळी.
वीतभर मागे कापली. काळी, वर हिरवट पूड.
हातभर. तरी काळीच.
मीठ असं चढतं,
आवरणाच्या आतून, वातीत तेल चढावं तसं,
आणि रेडिओ बोलत राहतो
जवळच्या जवळ.

सव्वा मीटरवर तांबं भेटलं,
चिंचेनं घासल्यासारखं.

सुरी नको. सुरी जाळीच्या चार तारा चोरते.
फिरकीचा स्ट्रिपर घेतला, मापाचं पातं लावून.
मग नाझारेत मास्तरांचा क्रिंपर,
मुठीवरचं रबर त्यांच्याच बोटांनी झिजलेलं.
पुरता दाबल्याशिवाय तो तोंड उघडत नाही.
मास्तरही तसेच,
एकदा शिकवायला बसले की जेवायला सोडत नसत.

वर चिकटपट्टी ताणून गुंडाळली, खालून वर,
कौलं शाकारतात तशी,
आणि खाली उतरले तर
केबल सेटपर्यंत पोचेना.

"जोड मार गो."
"जोड म्हणजे मिठाला आणखी एक दार."
"मग?"
"सेट सरकवायचा."

केबल पोचत होती ती जागा एकच,
सुकाणूच्या डाव्या अंगाला.
तिथं सायबाची तसबीर, प्लॅस्टिकची अबोली,
आणि बारका दिवा, बॅटरीवर चालणारा.
बावतीस बराच वेळ काही बोलला नाही.
मग त्यानं टोपी काढली,
माझ्याच हातातला स्क्रूड्रायव्हर मागून घेतला
आणि सायबाला स्वतः वीतभर बाजूला केलं.

सोळा नंबर लावला. हाक दिली.
शेजारच्या ट्रॉलरवरून कुणीतरी ओरडलं, "लख्ख ऐकू येतंय!"
तो दहा हातांवर. त्याला तर रेडिओ नसतानाही ऐकू आलं असतं.

मी थांबले.
मुरगावहून उत्तर आलं, झोपाळू आवाजात.

मग किंमत सांगितली.