खोका नंबर तीन

सावद्याहून फैजपूरकडे निघालं की डाव्या हाताला
आमचं केळी पिकवायचं चेंबर आहे.
आमचं म्हणजे मालकाचं. चाव्या माझ्याकडे.
हिरवा माल आत जातो, दार लागतं,
मी वहीत तारीख टाकतो, तापमान टाकतो,
चौथ्या-पाचव्या दिवशी दार उघडलं
की आत पिवळं झालेलं असतं.
बारा वर्षं बघतोय,
तरी दर वेळी क्षणभर हात थांबतो कडीवर.

घरी निनादची खेळणी म्हणजे
भर बाजारात उलटलेली गाडी.
सुरतच्या मामाची रिमोटची जीप, बारशाची अस्वलं,
भोंगे, चाकं, एक हात नसलेला शिपाई,
जिराफ, हत्ती, परत एक हत्ती.
त्यात तो उभा राहायचा,
व्यापारी घड बघतो तसा:
हात लावायचा, नाक मुरडायचं, पुढे.
आणि मग रडायचा, खेळायला काही नाही म्हणून.

हर्षला एकदा भाकरी थापता थापता म्हणाली,
‘तुम्ही चेंबरं सगळी एकाच दिवशी उघडता का हो?’

दुसऱ्या दिवशी मी तीन खोके आणले,
तेरा किलोचे, बाजूला गोल भोकं असलेले.
पोरगं झोपल्यावर आम्ही दोघं चोरासारखे बसलो वाटणी करत.
हत्तीवरून भांडलोसुद्धा, हळू आवाजात.
मार्करने आकडे टाकले. खोके माळ्यावर.
खाली उरलं एवढंच:
यावलच्या बाजारातला लाकडी ट्रॅक्टर,
सहा ठोकळे, स्टीलची वाटी, रुमालाची बाहुली.

पहिल्या दिवशी त्याने पलंगाखाली शोधलं.
दुसऱ्या दिवशी माळ्याकडे बोट केलं;
भोकातून जिराफाचं एक शिंग दिसत होतं.
‘झोपला का तो?’
हो म्हटलं. झोपला.

तिसरा दिवस. वैशाखातली दुपार,
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, कूलर घरघरतोय,
आणि निनाद ठोकळ्यांचा घाट करून
ट्रॅक्टर वर चढवतोय.
चढेना. घसरला.
एक ठोकळा काढला, वाटी पालथी घातली.
परत घसरला.
जीभ ओठाच्या कोपऱ्यात.
बाहुलीला त्याने शेजारी बसवलं होतं,
बहुतेक मजूर म्हणून.
कूलरमधलं पाणी संपलं तरी मान वर नाही.
आम्ही दारात उभे,
आत कोणी मोठा साहेब सही करतोय
अशा बेताने कुजबुजत.

मग रविवार ठरला. एक खोका खाली, एक वर.
जीप परत आली तेव्हा तिचा रिमोट त्याने कानाला लावला
आणि जीपमध्ये ठोकळे रचून विचारलं,
‘माल कुठं टाकू, शेठ?’
आधी ही जीप नुसती भिंतीवर आपटायची.

नंबर तीन मात्र राहून गेला.
लग्नसराई, मग मालाची गर्दी,
मग हर्षलाचा पाय मुरगळला.
अडीच महिन्यांनी काढला. धूळ झटकली.
तळाशी खुळखुळा,
पिवळा, दातांच्या खुणा असलेला.
एके काळी याच्याशिवाय झोपत नव्हता.
त्याने उचलला, एकदा हलवला,
आणि माझ्या हातात ठेवला.
‘हे बाळाचं हाये.’
घरात दुसरं बाळ नाही.

इतकी वर्षं आत ठेवलेलं पिकताना बघितलं मी.
इथे खोक्यातलं जसंच्या तसं राहिलं,
पिकलं ते बाहेरचं.
कुठली तारीख, किती तापमान,
वहीत काहीच लिहिलेलं नाही.

हर्षला म्हणाली, देऊन टाका अंगणवाडीत.
देतो म्हटलं.
चार महिने झाले.
स्कूटरच्या डिकीत आहे तो, पाना आणि फडक्याखाली.
पहाटे चेंबर उघडायला निघतो,
अजून अंधार असतो, केळीच्या बागांतून गार वारा येतो,
आणि प्रत्येक खड्ड्याला मागून आवाज येतो.
फैजपूर रोडला खड्डे बरेच आहेत.