गोळा

रात्री गोळी घेतली
की पहाटे पोटरीत गोळा.
भाषा आपलीच चेष्टा करते कधी कधी,
आणि सूर नावाच्या या ओमानी गावात
ती चेष्टा कळणारा मी एकटाच.

शमसुल उठतो,
चितगावच्या बोलीत काहीतरी पुटपुटतो,
माझा अंगठा धरून पाऊल उलटं दाबतो.
पीळ सुटतो. तो पुन्हा झोपतो.
एसीचं पाणी बादलीत पडत राहतं.

दुकानात मी 'मास्टर'.
सत्तावीस वर्षं इथल्या माणसांची मापं घेतोय:
खांदा, बाही, घेर,
गळ्यापाशी लोंबणारा, अत्तरात बुडवायचा गोंडा.
कुणाचं पोट सुटलं, कुणाचं काळजीनं आत गेलं
मला टेपच्या आधी कळतं.
माझ्या रक्तात चरबी किती
हे मात्र फुकटच्या शिबिरात कळलं.
एकशे ब्याण्णव.
हे माप कुठून कुठपर्यंत घेतलं, मी विचारलं.
नर्स हसली नाही.

वडील बावन्नाव्या वर्षी गेले, बार्शीत,
ऐन लग्नसराईत, पायमशीनवर.
पाय थांबला
तरी चाकानं आणखी दोन फेऱ्या घेतल्या
आणि परकराच्या नेफ्यावर
चार टाके जास्तीचे पडले.
ते मी उसवले नाहीत.
परकर न्यायला कुणी आलंच नाही.

मला आता एक्कावन्न.
म्हणून गोळी.

पण ईदच्या तोंडावर चाळीस दिशदाशा,
आणि पेडलवर पाय ठेवला की
मांडीत कुणीतरी ओली चादर पिळतंय.
खोलीच्या जिन्याला अकरा पायऱ्या आहेत
हे मला या वर्षी समजलं.
मग एका रात्री गोळी
जिभेऐवजी बटणांच्या डबीत टाकली.
दुसऱ्या रात्रीही.
दहा दिवसांत पाय माझे झाले.
बायकोला फोनवर म्हटलं, बरं आहे.
खोटं नव्हतं,
फक्त आतली बाजू दाखवली नव्हती.

तिनं येणाऱ्याबरोबर जवसाची चटणी पाठवली,
लसणाची वेगळी,
पुडीवर पेनानं लिहिलेलं: यानं सगळं वितळतं.
मी खुबूसला लावून खाल्ली.
जीभ बार्शीला जाऊन आली.
आकडा जागचा हलला नाही.

डॉक्टर इल्हाम खार्तूमच्या.
त्यांच्या टेबलावर मी डबी उपडी केली:
चोवीस गोळ्या, दोन शिंपल्याची बटणं, एक हूक.
वाटलं, आता ओरडतील.
त्यांनी हूक उचलून माझ्या तळहातावर ठेवला.
मोडक्या हिंदीत विचारलं,
मास्टर, कपडा काखेत काचला
तर गिऱ्हाईक उघडं फिरतं का?
नाही, म्हटलं. उसवतो. पुन्हा बेततो.
मग?

मग पुन्हा सुई, पुन्हा रक्त,
या वेळी स्नायूंसाठी.
मधे काही आठवडे काहीच नाही.
मग दुसरी गोळी, नाव लांबलचक, अंग तिळाएवढं,
रोज नाही, सोमवार आणि गुरुवार.
चटणी खा, म्हणाल्या, पण गोळीच्या जागी नाही.
गिऱ्हाइकानं आणलेला हलवा चाखून परत करा.
चाला.
आणि दुखलं तर डबीला नाही, मला सांगा.

पहाटे मी अल-आयजाच्या दीपगृहापर्यंत जातो,
शवय-शवय.
ओहोटीत लाकडी गलबतं
एका कुशीवर कललेली असतात,
त्यांचंही काहीतरी दुखत असावं.
डावी पोटरी अजून कुरकुरते मधूनच.
तिला म्हणतो, थांब बाई, ट्रायल चालू आहे.
आकडा एकशे अडतीस.
अजून दोन बोटं आत घ्यायचाय.

काल दुपारी दुकान रिकामं होतं.
शमसुल मासळीबाजारातून बर्फ फोडून आला,
त्याच्या गार हातात टेप दिली.
माझं माप घे.
आजवर स्वतःसाठी सगळं अंदाजानंच बेतलेलं.
त्याला टेप कुठून धरायची कळेना.
मी हात पसरून उभा राहिलो
आणि टेप कमरेला भिडली तेव्हा
पहिल्यांदा उमगलं,
गिऱ्हाईक त्या क्षणी
श्वास का रोखून धरतं.