दोन गुंजा कमी

गुजरीत सकाळी दुकानाची फळी उचलली
तर पायरीवर शेवंताक्का पाडळकर, चंदगडच्या.
पदराच्या गाठीत मोडीचे पैंजण, एक तुटका वाळा,
आणि हे.

"ह्येबी घाला मुशीत," म्हणाल्या,
"एका अंगानं कोरंच हाय."

कोरंच होतं.
दुसऱ्या अंगाला ठसा, घाव जरा डावीकडे बसलेला,
आणि तिसऱ्या ओळीत एक अक्षर उलटं,
आरशातून बाहेर बघणारं.

आमचं आडनाव पोतदार. पारख रक्तात, म्हणतात.
रक्तात साखर आहे; पारख भिंगात.
भिंगातून दिसला तो माणूस
टांकसाळीत उकिडवा, पोलादात नख रोवल्यासारखा,
जन्मभर उलटं कोरून
लोकांना सुलटं वाचायला देणारा.
एका दुपारी चुकून सरळ लिहून गेला.

चाचणीचा घाव पडला. कारकून हसला असेल, नसेल.
ठसा घासून पुन्हा कोरला असेल.
ही चांदी परत आटायला जायची होती,
गेली नाही. का, ते कुठल्या दप्तरात सापडायचं?
पुढं भट्ट्या थंडावल्या, कंपनीचा रुपया आला,
गुळगुळीत, मापात, दोन्हीकडून बोलणारा.

हे अर्धं मुकं मात्र पोरांच्या कमरेला लागलं.
करदोट्यासाठी वर भोक.
"मामंजींच्या, मग मालकांच्या, मग आमच्या बाळूच्या."
बाळू आता कागलला, एमआयडीसीत, रात्रपाळी.

पुण्याच्या जाणकाराला फोटो पाठवला.
लगेच फोन: "अहो, दुर्मीळ! पण ते भोक...
भोक नसतं तर!"
भोक नसतं तर, साहेब,
कधीच जोडवं झालं असतं त्याचं.

तरी त्यानं आकडा सांगितला, भोकासकट.
मी तो शेवंताक्कांना सांगितला.
"चुकलंय म्हनून म्हाग?"
"होय."
"मग बाळूचं लगीनबी दावा त्या सायबाला."

पैंजण आणि वाळा आटले. नाणं गाठीत परत गेलं.

जाण्याआधी सवयीनं तोललं होतं:
असावं त्याहून दोन गुंजा कमी.
त्या उलट्या अक्षराचं शेपूट भोकात गेलंय.
कुण्या सोनाराच्या झाडणीतून गटारात,
गटारातून झारेकऱ्याच्या पाटीत,
तिथून परत मुशीत.
आज दुपारी गुजरीतून
एक नवी नवरी छुमछुमत गेली,
आणि मी उगाच
तिच्या पायांकडे बघत राहिलो.