उजवीकडचा बाण

ईरीत बर्फ वरून पडत नाही, बाजूने येतं,
तळ्यावरून, कुणी पिठाचं पोतं झटकावं तसं.
लॅबमध्ये मात्र बारा महिने सत्तर फॅरनहाइट
आणि चोवीस खांबांवर चोवीस बेअरिंग्ज
मरेपर्यंत फिरत असतात.
माझं काम मरणाची वेळ लिहिण्याचं,
तासांत, एका दशांशापर्यंत.

नऊ नंबर गेलं एकेचाळीस तासांत.
इन्फन्ट मॉर्टॅलिटी, रे पाव्लिक म्हणाला
आणि कॉफी ओतायला वळला.
मी वहीत बालमृत्यू लिहिलं, मग खोडलं.
मराठीत लिहिला की त्या शब्दाला
पाळणा असतो.
आमच्याकडे पाचवीला सटवाई येते,
पाटावर कोरा कागद ठेवतात, पेन ठेवतात,
आणि कुणीतरी जागं राहतं.
इथे अठ्ठेचाळीस तास आम्ही जागतो, पाळीपाळीने.
नऊ नंबरच्या पाचवीलाच पुजलेलं होतं
खडे असलेलं ग्रीस.

त्यानंतर टबाचा तळ. सपाट, लांबलचक.
इथे वय मोजत नाहीत.
नव्वद तास चाललेलं आणि नऊशे तास चाललेलं,
पुढच्या तासात दोघांना धोका सारखाच.
समीकरणाला मागचं काही आठवत नाही.
मुलाखतीत विचारलं होतं, हे पटतं का?
हो म्हणाले. व्हिसाचे एकोणीस दिवस उरले होते.

इचलकरंजीत बाबा मागाच्या बेअरिंगला
स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे
आणि सांगायचे, शुक्रवारी जाईल.
गुरुवारी गेलं तर मालकाच्या शिव्या,
शनिवारी गेलं तरी शिव्याच, फुकट उघडलं म्हणून.
पुढे मागांनी तो कानच नेला.

मार्चमध्ये एका आठवड्यात पाच गेली.
वायबुलच्या कागदावर ठिपके मांडले
तर शाळेतल्या मुलांसारखे रांगेत उभे राहिले.
उतार दोन पूर्णांक एक.
म्हणजे झीज. म्हणजे आता वय मोजायचं.
रे म्हणाला, माझे गुडघे विचार, ते फुकट सांगतील.

एप्रिल, मे. बावीस गेली, तेवीस गेली.
सतरा नंबर फिरतच होतं.
जूनमध्ये वरून मेल आला: लॅब बंद,
जागा गोदामाला हवी आहे.
रेने स्विच खाली केला.
सतरा नंबर बराच वेळ थांबलं नाही,
मग थांबलं.

याला मेलं म्हणत नाहीत.
तास लिहायचे आणि पुढे बाण काढायचा, उजवीकडे.
इथपर्यंत होतं, पुढचं माहीत नाही.
ओळ गाळली तर उरलेल्यांचं आयुष्य कमी दिसतं,
मेल्यात धरली तर खोटं होतं.
म्हणून बाण.
मी काढला, जरा तिरका आला.

रेने सतरा नंबर फडक्यात गुंडाळलं,
डब्यात ठेवलं, सँडविचच्या जागी,
आणि एकतीस वर्षांचं कार्ड पंच करून गेला.
दारात म्हणाला, सोमवारी मासे धरायला जाणार.
सोमवारी गेला का, मी विचारलं नाही.

रात्री बाबांना फोन केला.
सगळं सांगितलं, निम्मं त्यांना ऐकू गेलं.
त्यांनी विचारलं, त्याचा आवाज कसा होता गं?
मी ऐकलाच नव्हता.
सेन्सर होते, आलेख होते.
काय झालं होतं त्याला? ते पुन्हा म्हणाले.
काही नाही बाबा,
मी मोठ्याने सांगितलं, शेजारी उठतील इतक्या मोठ्याने,
चालू होतं.
चालू असतानाच थांबवलं.