तोंडी

ओबुया दर शनिवारी दुकान उघडतो.
दुकान म्हणजे किसुमूत, दुंगाच्या धक्क्याजवळची पत्र्याची खोली.
आत तीन जुने संगणक, एक पंखा,
आणि भिंतीवर अजून टांगलेला त्याच्या बापाचा तराजू,
ज्याचं एक पारडं कधीच जागेवर येत नाही.

नैरोबीतली कंपनी त्यानं विकली
तेव्हा पेपरात आकडा आला होता.
माझ्या आईनं तो मासळीच्या टोपल्यांत मोजून पाहिला,
चाळीस हजारांवर थांबली.
"एवढी मासळी या तळ्यात नाही," म्हणाली.

मी गेले तेव्हा सतराची होते.
वहीत एक कल्पना, अंड्यासारखी जपून आणलेली.
वाटलं होतं, ऐकेल आणि चेक फाडेल.
त्यानं विचारलं, "कुणाची उधारी आहे तुझ्यावर?"
कुणाचीच नाही, मी म्हटलं, जरा ताठ्यानं.
"मग धंदा अजून सुरूच झाला नाही तुझा,"
आणि मला पहाटे चारला धक्क्यावर पाठवलं,
ओमेना विकणाऱ्या बायकांच्या मागे
नुसतं उभं राहायला.

बारा दिवस उभी राहिले.
कोण मोजून देतं आणि वर मूठभर टाकतं,
कोण कुणाला न मोजता देतं,
कुणाचे पैसे स्वतःच्या फोनवर येतात
आणि कुणाचे नवऱ्याच्या.
हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं.
तेराव्या दिवशी ती कल्पना मीच खोडली.

पैशाबद्दल तो फार बोलत नाही.
एकदाच बोलला, बर्फाच्या कारखान्याचा भोंगा झाल्यावर:
"पैसा म्हणजे बर्फ, अवुओर.
घरात रचून ठेवलास तर सकाळी फरशी पुसावी लागते.
दुसऱ्याच्या मासळीवर घातलास
तरी वितळतोच.
पण मासळी बाजारापर्यंत पोचते."

मी म्हटलं, कारखाना ज्याचा असतो
त्याला बर्फाबद्दल बोलणं सोपं जातं.

पोरं गप्प झाली. पंखा कुरकुरत राहिला.
ओबुया हसला नाही, चिडलाही नाही.
उठला, तराजूचं अडलेलं पारडं
बोटानं खाली दाबलं, सोडलं.
"कंपनी विकली त्या दिवशी
बासष्ट जणांना घरी पाठवलं मी.
कागदावर सगळं बरोबर होतं.
त्यातला एक ओगुतू.
आमचा पहिला सर्व्हर त्यानं
बायकोच्या शिलाई मशीनच्या टेबलावर चालवला होता,
आठ महिने, विजेचं बिल स्वतः भरून.
त्याला मी हिस्सा देणार होतो. तोंडी.
तोंडी म्हणजे काय, ते वकिलानं मला समजावलं,
आणि मी समजून घेतलं."

एवढंच.
बाहेर जलपर्णी वाहत येऊन धक्क्याला अडकली होती,
होडीवाले तिला आणि एकमेकांना शिव्या देत होते.

म्हणून तो आम्हाला तेच तेच शिकवतो:
कागद आधी करा.
मैत्री असेल तर अजून आधी.
दुकानाची पाटी रंगवण्यापूर्वी
पहिल्या माणसाचं नाव लिहा, वाट्यासकट.
हे दान आहे की परतफेड, मला ठाऊक नाही.
ओगुतू कुठे आहे, हेही विचारलं नाही कधी.
हात पुढे केलेल्यानं
देणाऱ्याच्या मनात किती खोल उतरावं?

आता माझ्याकडे अकरा बायका आहेत
आणि सौरविजेवर चालणारी एक शीतपेटी, निम्मी उधारीची.
पहिली आली ती म्हातारी पेरेस.
करारावर तिनं अंगठा उठवला,
त्याच्या शेजारी एक खवला चिकटला.
मी काढला नाही.

तो कागद ओबुयाला दाखवायला नेला.
त्यानं चष्मा लावला, खवल्याला नख न लावता
खालचे टक्के वाचले.
"कमी दिलेस," म्हणाला,
आणि पेन पुढे केलं.